अर्धा पॉइंट

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मी तीनदा परदेशात जाऊन आलोय म्हटलं की लोक हसतात, आणि पंक्चर काढायला गेलो होतो म्हटलं की आणखी हसतात. पण खरंच तसं आहे. व्हीलचेअर बास्केटबॉलचा आमचा जो राष्ट्रीय संघ आहे, त्याच्या खुर्च्यांची चाकं, तारा, बेअरिंग, पट्टे सगळं माझ्याकडे असतं. राष्ट्रीय संघ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर भलतंच काही येतं. प्रत्यक्षात आठ खेळाडू, एक कोच आणि एक मी, एवढाच आमचा पसारा. सराव एका शाळेच्या हॉलमध्ये, तोही मुलांच्या परीक्षा नसतील तेव्हा. कोच म्हणजे त्याच शाळेतले निवृत्त पी.टी. मास्तर. त्यांना सगळे सर म्हणतात, मला मिस्त्री. आणि ज्याच्याबद्दल मला सांगायचंय त्याला सगळे एक्का म्हणायचे.

एक्का का, ते सांगायचं तर आधी खेळाचा एक नियम सांगावा लागेल. प्रत्येक खेळाडूचं शरीर किती चालतं ते बघून त्याला पॉइंट देतात. ज्याचं जास्त चालतं त्याला साडेचारपर्यंत, ज्याचं सगळ्यात कमी चालतं त्याला एक. मैदानात एका वेळी पाच जण असतात आणि त्या पाचांची बेरीज चौदाच्या वर जाऊ द्यायची नाही. आमच्याकडे एक उंच पोस्टमन होता, एक पाऊल नसलेला, त्याला खांब म्हणायचे. तो साडेचारचा. बाकी तिघे चार, अडीच आणि दोनचे. झाले तेरा. उरलेल्या एका पॉइंटात बसणारा माणूस आख्ख्या संघात एकच होता. तो बाहेर गेला की खांबाला बाहेर बसावं लागे, आणि खांब बाहेर बसला की आम्ही मार खायचो. म्हणून छातीखाली काहीच न चालणारा हा माणूस आमचा हुकमी पत्ता होता.

तो पूर्वी उंच इमारती रंगवायचा. तिसऱ्या मजल्यावर परांचीची फळी सरकली आणि हा खाली आला. पडताना हातातला ब्रश सोडला नाही, हे तो मोठ्या कौतुकानं सांगायचा. अकरा वर्षं झाली त्याला. पुढे किल्ल्या बनवायला शिकला. ताईच्या, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या घरात, रस्त्याकडच्या खिडकीत त्याचं यंत्र होतं. लोक बाहेरूनच किल्ली द्यायचे आणि उभे राहायचे. एखादा घाबराघुबरा येऊन म्हणायचा, दार बाहेरून बंद झालंय, चला लवकर. त्यावर हा शांतपणे म्हणायचा, "मला नाही हो येता येत. दारच इकडे घेऊन या." समोरच्याला तो खुर्चीत आहे हे कळायला वेळ लागायचा, तोवर हा त्याच्या तोंडाकडे बघत मजा घ्यायचा.

खेळात त्याचं काम म्हणजे आडवं येणं. खुर्ची घालून समोरच्याची वाट अडवायची, आणि मागून खांबानं बास्केट करायची. सहा वर्षांत एक्क्यानं स्वतः चार बास्केट केल्या. त्या चारही तो तारीखवार सांगायचा.

ताई एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करायची. सातला कामावर जायचं, म्हणून सहाला एक्क्याला उठवायची. मी एकदा सकाळी नवं चाक बसवायला गेलो होतो तेव्हा बघितलं. त्याचे गुडघे स्वतःच्या गुडघ्यांत धरायचे, त्याचे हात गळ्याभोवती घ्यायचे, "एक, दोन, हं" म्हणायचं आणि उचलून खुर्चीत बसवायचं. दिवसातून चार-पाच वेळा. बाई माझ्या खांद्याएवढी. उचलून झालं की भिंतीला एक हात लावून उभी राहायची आणि मग काहीच न झाल्यासारखी डबा भरायला लागायची. तिचं लग्न का झालं नाही हे मी कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच.

शनिवारी सरावाला एक फिजिओबाई यायच्या. एक्क्याचा मणका पुरता तुटलेला नाही, पोटा-पाठीच्या स्नायूंत थोडा जीव आहे, हे पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याला व्यायाम नेमून दिला. तेव्हापासून ताई कामावर गेली की हा दीड तास व्यायाम करायचा. अडीच वर्षं, रोज. ताईला यातलं काही माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. कधी चुकवला नाही म्हणे. किल्ल्या घ्यायला आलेली माणसं दहानंतरच या म्हणून परत पाठवायचा आणि शिव्या खायचा.

मला कळलं ते खुर्चीवरून. दर दोन महिन्यांनी खेळाच्या खुर्च्या माझ्याकडे येतात. एक्क्याच्या खुर्चीच्या पाठीचं कापड नेहमी ताणून झोळीसारखं झालेलं असायचं, घामानं पांढरे डाग पडलेले, कारण त्याचं सगळं वजन त्यावरच. एका खेपेला मी बघतो तर कापड ताठ आणि कोरडं. मी म्हटलं, "काय रे, सराव बुडवतोस का?" "मला त्या बाकावर बसवा," तो म्हणाला. बाकाला पाठ नव्हती. मी धरून उभा राहिलो तर म्हणाला, "लांब व्हा मिस्त्री." आणि दोन्ही हात वर करून बसला. मी चाळीसपर्यंत आकडे मोजले. पुढे वाकला, बुटाला बोटं लावली, आणि हात न टेकता परत वर आला. त्याची मान थरथरत होती, तोंड लाल झालं होतं, आणि तो हसत होता.

"ताईला सांगू नका," तो म्हणाला. "पलंगावरून खुर्चीत माझं मला जाता आलं की मगच सांगणार. अजून दोन महिने लागतील. एक दिवस ती सहाला येईल आणि मी आधीच खुर्चीत बसलेला असेन. तिला म्हणेन, उशीर केलास."

मला त्या दिवशी इतका आनंद झाला की काय सांगू. आणि माझ्या जिभेला हाड नाही. ताईला सांगायचं नाही एवढंच त्यानं म्हटलं होतं, म्हणून मी संध्याकाळी सरांना सांगितलं. सर हॉलमधली बाकं ओढत होते. ते थांबले.

"हात न टेकता वर आला?"

"अहो, चाळीस मोजले मी!"

"हे अजून कुणाला बोललास?"

"नाही. का हो?"

"अर्धा पॉइंट वाढेल त्याचा," सर म्हणाले आणि बाकावर बसले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दीड झाला की बेरीज साडेचौदा. खांब बाहेर. खेळाडूच्या पॉइंटांचं कार्ड दर काही वर्षांनी परत तपासतात, आणि एक्क्याचं तपासणं चार महिन्यांवर आलेल्या स्पर्धेतच होतं. बारा देश होते. शेवटचा जो येईल तो खालच्या गटात जाणार होता, आणि खालच्या गटात गेलात तर यापुढे पाठवणार नाही असं वरून आम्हाला स्वच्छ सांगितलेलं होतं. आठ माणसांच्या आयुष्यात घरातून बाहेर पडायला तेवढं एकच कारण होतं. सर वाईट माणूस नव्हते. मला हे सांगायलाच हवं, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल.

दोन दिवसांनी सर माझ्या दुकानात आले. एक्काही होता, पट्टा बदलायला आलेला. सर बराच वेळ टायरच्या ढिगाशी चाळा करत बसले आणि मग म्हणाले, "मिस्त्रीनं सांगितलं मला. छान झालं. मी तुला तपासणीत खोटं वागायला सांगणार नाही. पकडला गेलास तर दोन वर्षांची बंदी, आणि आपल्या सगळ्यांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

एक्क्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. हे कशाला केलंत, असं नुसतं बघितलं.

"दीड झालो तर खांब बाहेर," तो म्हणाला.

सर एका टायरवरची धूळ पुसत राहिले.

"आणि खांब बाहेर तर आपण शेवटचे."

सरांनी टायर परत ढिगावर ठेवला.

"मग खोटं कशाला वागायचं? व्यायाम सोडतो ना. चार महिन्यांत आहे ते जाईल. स्पर्धा झाली की परत सुरू करतो." आणि आपली नेहमीची चेष्टा केली, "आळशीपणा करून देशसेवा करायला मिळते, अजून काय पाहिजे?"

कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं. दुकानात दोनच माणसं होती नाही म्हणणारी. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी एका चाकाची तार आवळत होतो, ती आवळत राहिलो. अडीच वर्षांत मिळवलेलं हा माणूस चार महिन्यांत घालवणार, हे मला कळत होतं. परत मिळेलच हे कुणी सांगितलं होतं? फिजिओबाईंना विचारू, एवढं तरी म्हणायचं होतं. पण त्या नाही म्हणतील हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, म्हणून आम्ही विचारलं नाही. त्या शनिवारपासून, दंड दुखतोय म्हणून सांगून एक्का त्यांना चुकवायला लागला.

मग दर आठवड्याला मी त्याच्या खुर्चीची पाठ बघायचो. पहिल्या महिन्यात फरक नव्हता. दुसऱ्या महिन्यात कापड सैल झालं. मी पट्टे आवळले. परत सैल झालं, परत आवळले. तो वाकायचा तो हळूहळू वाकलेलाच राहायला लागला. सरावात बॉल छातीवर लागला की पुढे पडायचा आणि कुणीतरी उचलून बसवायचं. सर म्हणायचे, शाब्बास. कशाला शाब्बास ते कळत होतं, त्यामुळे कुणी तिकडे बघायचं नाही.

स्पर्धेला तीन आठवडे राहिले असताना ताईची पाठ गेली. सकाळी "एक, दोन" झालं आणि त्यानंतर ती ओरडली. दोघं पलंग आणि खुर्चीच्या मधे पडली. तिला हलता येईना, त्याला उठता येईना. सव्वा तास दोघं तशीच पडून होती. शेवटी किल्लीसाठी आलेल्या एका माणसानं खिडकीतून डोकावलं. मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टरांनी तिला सहा आठवडे झोपून राहायला सांगितलं, आणि यापुढे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही असं बजावलं.

मी भेटायला गेलो तेव्हा ती आत झोपली होती आणि एक्का खिडकीशी बसला होता. यंत्र बंद होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "मिस्त्री, दोन महिन्यांपूर्वी मी उठून बसलो असतो. तिला पाणी दिलं असतं. खिडकीपर्यंत गेलो असतो. मी तिच्या शेजारी पडून नुसतं छताकडे बघत होतो." मग म्हणाला, "आज परत सुरू करू का?"

त्यानं मला विचारलं होतं. सरांना नाही, मला. आणि मी म्हणालो, "आता तीनच आठवडे राहिलेत."

माझ्या तोंडून आयुष्यात पुष्कळ वेडंवाकडं गेलंय. बायकोला बोललोय, बापाला बोललोय. पण एक वाक्य परत घ्यायची मुभा मिळाली तर मी हे घेईन.

ताईनंच त्याला जायला लावलं. "माझ्याजवळ बसून काय माझी पाठ बरी करणार आहेस? जा, जिंकून ये," म्हणाली. तिला काही माहीतच नव्हतं. शेजारची बाई दोघांचं बघत होती, ती ताईपुरतं बघू लागली.

तपासणी स्पर्धेच्या पहिल्या दिवशी होती. पांढऱ्या भिंतींची खोली, एक लांब टेबल, तीन तपासणारे. खेळाडूबरोबर संघातलं एक माणूस चालतं. एक्क्यानं सरांऐवजी मला नेलं. त्यांच्यातल्या एका बाईंनी त्याच्या पोटावर, पाठीवर हात ठेवून बघितलं, मग त्याला पुढे वाकून बुटाला हात लावायला सांगितलं. तो वाकला. आता हात न टेकता वर या, असं त्यांनी खुणेनं सांगितलं.

तो तसाच राहिला. कपाळ गुडघ्यावर, हात दोन्ही बाजूंना लोंबत. बाई थांबल्या. मी तो बाक आठवत उभा होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, ऊठ. खरंच म्हणत होतो, जाऊ दे खांब, जाऊ दे गट, ऊठ. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. तो नाटक करत नव्हता. तो जीव खाऊन उठायला बघत होता. मला वाटतं, त्या वेळी त्यालाही संघाचं काही पडलं नव्हतं. शेवटी बाईंनीच त्याला खांद्यांना धरून अलगद सरळ केलं आणि कागदावर एक आकडा लिहिला.

बाहेर सगळे वाट बघत होते. मी एक बोट वर केलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, खांबानं एक्क्याची पाठ थोपटली आणि एक्का त्या थोपटण्यानं पुढे कलंडला. सगळे हसले. तोही हसला.

आम्ही अकरावे आलो. शेवटचा सामना तीन पॉइंटांनी जिंकलो, खांबानं एकट्यानं एकतीस केले. एक्क्यानं बास्केट एकही केली नाही, पण शेवटच्या मिनिटात तो दोघांच्या आडवा असा काही बसला की खांबाला मोकळं रान मिळालं. आम्ही गटात राहिलो. फोटो काढला. सर रडले. मीही रडलो, आणि तेव्हा ते आनंदाचं रडणं होतं हे मी लपवणार नाही.

परतीचा प्रवास दोन विमानांचा होता. एक्का पूर्ण वेळ एका जागी घसरून बसलेला. पाठीत जोर असता तर त्यानं अधूनमधून अंग उचलून घेतलं असतं. घरी पोचला तेव्हा माकडहाडापाशी कातडी काळी पडली होती. आठवड्याभरात तिथे मूठ जाईल एवढी जखम झाली. असली जखम भरायची तर पालथं झोपून राहावं लागतं. तो पाच महिने पालथा होता. ताप येऊन दोनदा हॉस्पिटलमध्ये न्यावा लागला, एकदा तर आम्ही आशा सोडली होती. ताई कमरेला पट्टा बांधून बाहेरच्या खोलीत उभी असायची. लाँड्रीतलं काम गेलं होतं.

फिजिओबाई घरी आल्या. त्यांनी त्याची पाठ दाबून बघितली, बराच वेळ. मग ताईला म्हणाल्या, "मला कळतच नाही, असं कसं झालं. स्पर्धेच्या आधी चांगला बसायचा की हो हा, आधाराशिवाय." पाठीवरचा हात काढून म्हणाल्या, "आता परत येईल असं मला वाटत नाही."

मी दारात होतो. ताईनं बाईंकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याचं तोंड उशीत होतं. "बसायचास?" तिनं विचारलं. त्यानं तोंड उशीत आणखी खुपसलं. ती एवढंच म्हणाली, "मला एकदा दाखवायचंस तरी," आणि आत निघून गेली. आतून नळाचा आवाज येत राहिला.

गेल्या महिन्यात सरांना नवा एक पॉइंटचा खेळाडू मिळाला. चित्रकलेचा शिक्षक आहे, अपघात होऊन दोन वर्षं झालीत. खेळाची खुर्ची संघाची असते, माणसाची नसते. ती आणायला मला पाठवलं. आता एक्का दिवसातून दोन तास खुर्चीत बसू शकतो, छातीला पट्टा बांधून. किल्ल्यांचं यंत्र त्यानं विकलं. यंत्रावर वाकायचं म्हणजे परत वर यावं लागतं.

खुर्ची कोपऱ्यात पुसून ठेवलेली होती. तो म्हणाला, "डावं चाक जरा बाहेर ओढतं. नव्याला सांगा." मी हो म्हणालो. मग त्यानं विचारलं, "कसा आहे तो?"

"बरा आहे. मेहनती आहे," मी म्हणालो. "घरी व्यायाम करतो म्हणे, रोज."

एक्क्यानं खिडकीबाहेर बघितलं. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती आणि रागही नव्हता.

"त्याला माझा एक निरोप द्या, मिस्त्री. म्हणावं, कधी सरळ बसता आलं, तर आधी घरच्यांना दाखव. तुम्हाला नको."